आमच्या बापाचा फोटो : कुणासाठी, कुणाच्या परवानगीने?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत वाढलेली एक मुलगी फोटोग्राफीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात तिचे पदवी प्रदर्शन. वर्षानुवर्षे जे शिकलो ते एका भिंतीवर लावायचे, बाहेरून आलेले परीक्षक ते पाहणार, प्रश्न विचारणार आणि त्यावर गुण देणार. मुलीचे, कॉलेजचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

तिच्या वाट्याला बारा फूट भिंत आली आहे. या बारा फुटांवरून गेला महिनाभर जो वाद चालला आहे तो केवळ एका मुलीच्या गुणांचा नाही, म्हणून हा लेख.

वादाचे कारण एक फोटो. तिचे वडील ठेकेदाराकडे ड्रेनेजच्या कामावर आहेत. दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी ती त्यांचा डबा द्यायला कामाच्या जागी गेली. गळ्यात कॉलेजचा कॅमेरा होता. त्याच वेळी दोघे जण दोरी धरून तिच्या वडिलांना चेंबरमधून वर ओढत होते. अंगात बनियन नाही, गळ्यापर्यंत गाळ, डोळे उजेडाने मिचकावलेले. तिने बटण दाबले. ते का दाबले हे तिला आजही नीट सांगता येत नाही.

हा फोटो वर्गात दाखवला तेव्हा तिचे गाईड सर खुर्चीवरून उठले. "हाच तुझा मेन फोटो. तीन बाय चार फुटांचा कर, मधोमध लाव. बाकी काही नसलं तरी चालेल." तीन वर्षांत ज्या मुलीच्या कामाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते, तिची एका दिवसात कॉलेजभर चर्चा सुरू झाली.

तिच्याकडे वडिलांचा दुसराही एक फोटो होता. रविवारची सकाळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नाकावर चष्मा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली खुर्चीत बसून काका पेपर वाचत आहेत. एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायावर ठेवला आहे. सरांनी तो पाहिला आणि बाजूला सारला. म्हणाले, "छान आहे, पण यात काही घडत नाही. हा घरच्या अल्बममधला फोटो झाला."

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. "यात काही घडत नाही."

पण त्याआधी मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मीही तिला सांगितले, "लाव तो गटाराचा फोटो. समाजाला दिसू दे. एसी गॅलरीत फिरणाऱ्यांना जरा घाण वास येऊ दे." मला वाटले मी फार क्रांतिकारी बोलले. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, पप्पा नको म्हणतात."

मी काकांना समजवायला गेले. समाजशास्त्रात एम.ए. करताना संशोधनातील संमतीवर मी दहा मार्कांचे उत्तर लिहिले आहे, आणि त्यात चांगले मार्क पाडले आहेत. पण त्या दिवशी मी काकांना विचारायला गेले नव्हते, पटवायला गेले होते. दोन्हींत फरक आहे. काकांनी चहा दिला, माझे सगळे भाषण ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, त्या फोटोत मी कुठंय? नुसती घाण आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि ठेकेदाराच्या कानावर गेलं तर? तो म्हणतो, आम्ही माणूस उतरवतच नाही. फोटो निघाला की म्हणेल, हा त्याच्या मनानं उतरला. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको. मग पोरीची फी तुम्ही भरणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. या माणसाला कायदा माझ्यापेक्षा जास्त कळतो.

हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या नियुक्तीस प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा सांगतो की, संरक्षण साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. म्हणजे तो फोटो एका गुन्ह्याचा पुरावा आहे. पण गुन्हेगार फोटोत नाही. ठेकेदार नाही, कामाच्या आदेशावर सही करणारा नाही, बिल मंजूर करणारा नाही. फोटोत आहे फक्त ज्याच्यावर गुन्हा झाला तो, तोही उघड्या अंगाने. फोटो गाजला तर सरांचा विभाग गाजेल, मुलीला कदाचित बक्षीस मिळेल, आणि काम जाईल काकांचे. कॉलेजात कुणी हा हिशेब केला नाही. मीही केला नव्हता.

आता त्या वाक्याकडे येऊ. पांढऱ्या शर्टातला माणूस पेपर वाचतो आहे, त्यात काही घडत नाही म्हणे!

ज्याच्या पूर्वजांना अक्षराजवळ जायची बंदी होती, त्याचा वंशज रविवारी पायावर पाय टाकून अग्रलेख वाचतो. काम काय करायचे हे त्याला निवडता आले नाही, पण काय वाचायचे हे त्याने निवडले आहे. त्याच्या डोक्यावर जो फोटो आहे, त्या माणसाने १९२० साली ‘मूकनायक’ काढला. बहिष्कृतांची बाजू मांडायला बहिष्कृतांचे स्वतःचे पत्र हवे म्हणून काढला. त्या ‘मूकनायक’चा वाचक शंभर वर्षांनी त्याच्याच फोटोखाली पेपर उघडून बसला आहे. या फोटोत एक अख्खी क्रांती घडते आहे. ती ज्याला दिसत नाही त्याच्या कॅमेऱ्यात दोष नाही, डोळ्यांत आहे.

हा डोळा कुठून आला तेही पाहू. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांना या देशातील माणसे ‘ओळखून’ घ्यायची होती. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. जातीजमातींच्या माणसांना कॅमेऱ्यापुढे बसवायचे, फोटो काढायचा, खाली बहुतेक ठिकाणी जात किंवा जमात लिहायची आणि तिचा ‘स्वभाव’ सांगायचा. कुठली जात विश्वासू, कुठली लबाड, कुठली धोक्याची. माणूस हा माणूस नाही, नमुना आहे. जातिव्यवस्थेला ही गोष्ट नवी नव्हती. तिने हजारो वर्षे हेच केले होते. इंग्रजांनी तिला फक्त कॅमेरा पुरवला.

आजच्या प्रदर्शनात जाऊन पाहा. इंग्लिशमध्ये तीन परिच्छेदांची नोट असते, खाली कलावंताचे पूर्ण नाव असते, आणि फोटोखाली असते ‘सफाई कामगार’. नाव नाही. कलावंताला नाव, आमच्या बापाला जात! दीडशे वर्षांत कागद महागला, छपाई सुधारली, फोटोखालची ओळ तीच राहिली.

ज्यांना नमुना बनवले गेले त्यांनी कॅमेऱ्याचे काय केले याचा इतिहासही आहे, आणि तो आपल्या पोरांना कुणी शिकवत नाही. फ्रेडरिक डग्लस १८१८च्या सुमारास अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मला आणि १८३८ साली पळून स्वतंत्र झाला. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो काढला गेलेला अमेरिकन म्हणून अभ्यासक त्याचे नाव घेतात. त्याचे १६०हून अधिक वेगवेगळे फोटो आज माहीत आहेत. ते पाहा. कोट, टाय, ताठ मान, करडी नजर. काळ्या माणसाची टवाळी करणारी चित्रे बाजारात विकली जात होती, त्या काळात हा माणूस पुन्हा पुन्हा स्टुडिओत जाऊन स्वतःचा चेहरा स्वतःच्या अटीवर उमटवत होता. फोटोवर त्याने व्याख्याने दिली.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण आले? माझ्या डोळ्यांपुढे निळा कोट आला. गावोगावच्या पुतळ्यांवर, घराघरांतल्या फोटोंत, पोरांच्या मोबाईलवर तोच कोट, तेच पुस्तक, तेच बोट. अंगावर धड कपडा आणि पायात वहाण घालायलाही ज्यांना मनाई होती, त्यांचा नेता सुटाबुटात कॅमेऱ्यापुढे उभा राहतो, यात काही घडत नाही का? बाबासाहेबांचा सूट काहींना आजही खुपतो तो उगीच नाही.

आता काही कार्यकर्ते विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे : "मग गटार दाखवायचंच नाही का? आपण पांढऱ्या शर्टातले फोटो लावत बसलो तर सरकार म्हणेल, गटारात कुणी उतरतच नाही."

प्रश्न खरा आहे. सरकार तसे म्हणालेही आहे. २०२१ साली राज्यसभेत उत्तर आले की हाताने मैला उचलल्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेले ते वेगळ्या रकान्यात. एक रकाना बदलला आणि मृत्यू शून्य! हे उत्तर देणारे राज्यमंत्री आपल्याच चळवळीतून गेलेले होते, हेही विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई सांगितली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. जिथे मृत्यूच नाहीत तिथे न्यायालय भरपाई कशाची वाढवत होते? म्हणून पुरावा पाहिजे. फोटोही पाहिजेत.

आणि ते काम आपल्या माणसांनी केलेले आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर जी मालिका केली तिचे नावच ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’. सन्मान आणि न्याय. नुसती घाण दाखवून हे दोन शब्द लिहिता येत नाहीत. तिकडे मदुराईचे एम. पलानी कुमार. आई मासे विकणारी. गटारातील मृत्यूंवरच्या ‘कक्कूस’ या २०१७च्या माहितीपटाचे छायाचित्रण त्यांनी केले. पुढे वस्त्यांमधल्या मुलांच्या हातात कॅमेरे देऊन त्यांना फोटो काढायला शिकवले. त्यांनी गटार झाकून ठेवले नाही. पण ते तमाशाला आलेले प्रेक्षकही नाहीत.

मग फरक कुठे आहे? एक उदाहरण देते. १९५५ साली अमेरिकेतील मिसिसिपीमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारले. चेहरा ओळखू येत नव्हता. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, ठरवले की शवपेटी उघडी ठेवायची. काळ्यांच्या ‘जेट’ मासिकाने फोटो छापले. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून मोठी धग मिळाली. फोटो भयंकर होता, पण निर्णय आईचा होता आणि छापणारे मासिक आपल्या लोकांचे होते. बासष्ट वर्षांनी, २०१७ साली, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एका गोऱ्या चित्रकर्तीने त्याच फोटोवरून केलेले चित्र लावले, तेव्हा काळ्या कलावंतांनी निषेध केला. मुलगा तोच, शवपेटी तीच. आधी ते आईचे दुःख होते, आता कुणाच्या तरी कामाचा विषय झाले होते.

म्हणून ‘दाखवायचे की झाकायचे’ हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न आहे : कोण ठरवणार? आणि फोटो पाहून झाल्यावर काय बदलणार? जो फोटो ठेकेदाराला घाम फोडतो तो पुरावा. जो फोटो पाहून परीक्षक ‘वा’ म्हणतात, वाईनचा ग्लास उचलतात आणि घरी जातात, ती सजावट. आमच्या बापाचे उघडे अंग सजावटीला मिळणार नाही.

ब्राह्मणी नजरेला नावे ठेवणे सोपे आहे. आता आपल्याकडे बघू. अत्याचाराची घटना घडली की पहिल्या तासात आपल्या ग्रुपवर काय येते? प्रेताचे फोटो. फाटलेले कपडे. पीडित मुलीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, नाव-गावासकट. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेचे कलम २२८-अ होते, आता न्याय संहितेचे कलम ७२ आहे. फॉरवर्ड करणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? किती जणांनी तिच्या आईला विचारले? संताप येतो, मला कळते. मलाही येतो. पण संतापाच्या भरात आपणही आपल्याच माणसांचे नमुने करतो. वर ‘जयभीम’ लिहिले म्हणून तो फोटो पवित्र होत नाही. मी काकांच्या घरी भाषण द्यायला गेले ते ह्याच सवयीने.

आता त्या मुलीने काय केले ते सांगते. आम्ही कुणी सुचवले नाही, तिचे तिने केले. गटाराचा फोटो तिने काढून टाकला. मग वडिलांसोबत काम करणाऱ्या सहा-सात जणांना भेटली आणि त्यांना मिळालेली ‘संरक्षण साधने’ मागून आणली. बोटे फाटलेले रबरी हातमोजे. दोन्ही डाव्या पायाचे गमबूट. बांबू. ओढायची दोरी, मधे गाठ मारलेली. तोंडाला बांधायचा रुमाल, म्हणजे हाच मास्क. एकेक वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून, दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत काढतात तसा स्वच्छ उजेडात फोटो काढला. प्रत्येकाखाली कायद्याने काय द्यायला हवे ते मराठीत लिहिले. चेहरा नाही, नाव नाही, कुणाचे काम जाणार नाही. पण ठेकेदार त्या भिंतीपुढे उभा राहिला तर त्याला नजर चुकवावी लागेल. जो फोटोत नव्हता, तो आता प्रत्येक फोटोत आहे.

आणि भिंतीच्या मधोमध पांढऱ्या शर्टातले काका. खाली त्यांचे पूर्ण नाव. धंदा लिहिलेला नाही. काकांनी दोन वेळा पाहून होकार दिला. फक्त एक तक्रार केली, "चपलेतून पाय काढलाय तो दिसतोय." मग म्हणाले, "राहू दे."

गाईड सर नाराज आहेत. "प्रॉडक्ट फोटोग्राफी झाली ही, भावना कुठे आहे?" असे म्हणाले. गुण कमी पडू शकतात हे तिला माहीत आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता अजून जमा झालेला नाही. इतर मुले परदेशी कागदावर प्रिंट काढून लाकडी फ्रेम करून घेत आहेत. अशा एका फ्रेमला काकांचा आठवड्याचा पगार जातो. ही आमच्या चौकातल्या दुकानात, जयंतीचे बॅनर निघतात त्याच मशीनवर प्रिंट काढून सनबोर्डवर चिकटवून घेणार आहे. परीक्षकांना ते चालेल की नाही, ठाऊक नाही.

इथे आपले काम सुरू होते. जयंतीला डीजेवर एका रात्रीत किती उडतात याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मनाशी करावा. तेवढ्यात एक चांगला सेकंडहँड कॅमेरा येतो, तो वस्तीतल्या दहा पोरांना पुरतो. प्रत्येक अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक कॅमेरा का नसावा? आपली पोरे कलेच्या कॉलेजात फी भरून पोचतात आणि प्रिंटच्या पैशाला अडतात. त्यांना फक्त सत्कार नको, प्रिंटचे पैसे द्या.

दुसरे, वस्तीत फोटो काढायचा तर आधी विचारा. नको म्हटले तर काढू नका. काढला तर नाव लिहा आणि एक प्रत त्या घरी नेऊन द्या. बाहेरून येणारा फोटोग्राफर असो, एनजीओ असो, की आपलाच कार्यकर्ता, नियम एकच.

तिसरे, घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडा. १९५६च्या दीक्षेचे, पँथरच्या मोर्चांचे, नामांतराच्या लढ्याचे, आजीच्या पहिल्या चष्म्याचे, आईच्या डी.एड.च्या निकालाच्या दिवसाचे फोटो तिथे ओलीने खराब होत आहेत. मागे नाव-तारीख लिहा, स्कॅन करा. ज्या फोटोंत ‘काही घडत नाही’ असे त्यांना वाटते, तो आपला इतिहास आहे. तो आपण जपला नाही तर उद्या आपल्या नातवंडांना आपण फक्त गटारात आणि प्रेतांत सापडू.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही वस्तीतले चाळीस जण जाणार आहोत. काका इस्त्रीचा तोच शर्ट घालून येणार आहेत. परीक्षकांनी विचारले की या फोटोत काय घडते आहे, तर उत्तर द्यायला ते स्वतः तिथे उभे असतील.

जयभीम! नमो बुद्धाय!